कामेनाची गल्ली

एकोणपन्नास वर्षं नऊ महिन्यांनी वित्से आपल्या गावी, स्मोकोवाला परत आला तो गाडीचे वायपर हलवत. जूनचं रणरणतं ऊन होतं, काचेवर पाण्याचा थेंब नव्हता. पण ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीला वळायची खूण द्यायचा दांडा उजव्या हाताशी होता आणि इथे तिथे वायपरचा दांडा होता. त्यामुळे वित्सेला वळायचं झालं की वायपर फिरत. धक्क्यावर पत्ते कुटत बसलेल्या चौघांना वाटलं, पाहुणा लांबूनच हात करतोय. त्यांनीही हात केले.

त्याचा थोरला भाऊ दिंको तिथेच जाळं सांधत बसला होता. त्याने हात केला नाही.

गाडी पांढरी होती, स्प्लितच्या विमानतळावर भाड्याने घेतलेली. तिच्यातून एक टक्कल उतरलं, मागोमाग एक पोट उतरलं, आणि मग दिंकोला बापाची चाल दिसली. एकविसाव्या वर्षी गेलेला भाऊ सत्तरीचा होऊन समोर उभा राहिला.

"म्हातारा झालास की रे," वित्से म्हणाला.

"तू काय कोवळा राहिलायस?"

मग त्यांनी मिठी मारली. चौघं पत्ते खाली ठेवून बघत होते, तेव्हा मारणं भाग होतं.

होडीबद्दल कोणी काही बोललं नाही.

होडी बापाची होती. एकसष्ट सालच्या सप्टेंबरात वित्से ती घेऊन इटलीला पळाला. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, देश सोडायला पासपोर्ट लागे आणि पासपोर्ट मिळत नसे. होडी मात्र दारात बांधलेली असे. नऊ मीटरची लाकडी होडी, आणि तिच्यात दोनच महिन्यांपूर्वी बसवलेलं नवं इंजिन. बरोबर पलीकडच्या कामेना गावचा शिमुन होता, वित्सेच्याच वयाचा. पोलिसांनी दिंकोला अकरा दिवस आत ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, भाऊ कुठे गेला. दिंको म्हणाला, समुद्रात गेला. ते उत्तर कोणी समाधानकारक मानलं नाही. पुढे बाप दुसऱ्यांची जाळी सांधून पोट भरू लागला आणि दिंकोने सार्डिनच्या कारखान्यात चार वर्षं डबे भरले. त्या कारखान्याने त्याला दोन गोष्टी दिल्या. अंगठ्यावर पत्र्याचा वण आणि बायको येल्का. दोन्ही टिकल्या.

तीन महिन्यांनी इटलीतून दोन पत्रं आली, एक स्मोकोवाला, एक कामेनाला. दोन्हींत मजकूर तोच. मी पोचलो. वाटेत दुसऱ्या दिवशी वादळ झालं, शिमुनला लाटेने नेलं. मला क्षमा करा. त्यानंतर दरवर्षी नाताळला एक भेटकार्ड येई. त्यावर कधी कांगारू, कधी पूल.

त्या रात्रीच्या जेवणाला येल्काने अंगणात सार्डिन भाजले. वित्सेने सतरा खाल्ले. येल्काने मोजले नव्हते, पण काटे ताटात ओळीने लावून ठेवायची त्याची सवय अजून गेली नव्हती.

"वहिनी, ऑस्ट्रेलियात असा मासा नाही."

"मग तिकडे काय पकडत होतास इतकी वर्षं?"

"मासेच. पण असे नाहीत." त्याची बोली पन्नास वर्षं मिठात घालून ठेवल्यासारखी होती. गावात आता कोणी वापरत नाही असे शब्द तो सहज बोलून जाई. मग तो दिंकोकडे वळला. "मला किनारा बघायचाय. सगळा. गाडी शुक्रवारपर्यंत आहे. तू चल बरोबर."

"मला सगळा पाठ आहे."

"गाडीतून बघितलायस?"

दिंकोने गाडीतून काहीच बघितलं नव्हतं. त्याला गाडी येत नव्हती. गावाला बस होती, पण होडी असताना बसमध्ये कोण बसेल?

"जा," येल्का म्हणाली. "नाहीतरी तीन आठवडे एकच जाळं सांधतोयस. त्यालाही जरा दम खाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मंगळवारी त्यांनी आधी गाव पाहिलं. गाडीने गाव बघायला तीन मिनिटं लागली, त्यातली दोन गाडी वळवण्यात गेली. देऊळ तिथेच होतं. सहकारी दुकानाच्या जागी आता सूर्यस्नानाची तेलं विकत. शाळेच्या इमारतीत जर्मन लोक राहत होते. वित्सेने प्रत्येक ठिकाणी "हं" केलं आणि गाडी हमरस्त्याला लावली.

तिथून दिंकोची पंचाईत सुरू झाली. हा सगळा किनारा त्याने साठ वर्षं समुद्रावरून पाहिला होता. कुठला सुळका किती वाजता सावलीत जातो, कुठल्या घळीत वारा कसा वळतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण रस्ता वरून, डोंगराच्या कडेने जात होता, आणि खाली दिसत होत्या त्या सगळ्या पाठी. जन्मभर समोरून पाहिलेली माणसं रांगेने पाठमोरी उभी असावीत आणि त्यांतला आपला मेहुणा कोणता ते ओळखायला सांगावं, तसं त्याला झालं.

"आता कुठे?" फाट्यावर वित्सेने विचारलं.

"बोडका खडक डाव्या हाताला ठेव आणि सरळ चल."

"रस्त्यात खडक कुठाय?"

"मग मला विचारू नकोस."

त्या दिवशी ते एका हॉटेलच्या भटारखान्यात, एका खडीच्या कारखान्यात आणि कोणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या जेवणात जाऊन पोचले. बाप्तिस्म्याला लोकांनी त्यांना बसवून घेतलं. बाळाच्या आईकडच्यांना वाटलं बापाकडचे, बापाकडच्यांना वाटलं आईकडचे. वित्सेची गाडी अधूनमधून सवयीने रस्त्याच्या डाव्या अंगाला जाई. एका वळणावर समोरून बस आली. बसवाल्याने करकचून ब्रेक दाबला, खिडकीतून मान काढली आणि दोघांच्या आईची सविस्तर विचारपूस केली. त्यांची आई पंचाण्णव साली वारली होती, पण ते सांगेपर्यंत बस निघून गेली.

मजा मात्र दिंकोला येत होती. ते त्याने कबूल केलं नाही. वरून समुद्र किती रिकामा दिसतो याचं त्याला नवल वाटलं. ज्या खाडीतून बाहेर पडायला त्याला अर्धी सकाळ लागे, ती गाडीतून एका शिंकेत मागे पडली.

संध्याकाळी परतताना पाटी आली. कामेना, सात किलोमीटर. खाली समुद्राकडे फाटा जात होता. वायपर फिरले. पण गाडी वळली नाही.

"तो वरचा किल्ला बघून घेऊ," वित्से म्हणाला.

किल्ला बंद होता. त्यांनी कुलूप बघितलं.

बुधवारी त्यांनी मिठागरं पाहिली. मीठ पाहून परतताना पुन्हा तो फाटा आला, पुन्हा वायपर फिरले, आणि वित्सेला आइस्क्रीम खावंसं वाटलं. आइस्क्रीम विरुद्ध दिशेला होतं. येताना पुन्हा फाटा, पुन्हा वायपर, आणि आता त्याला गाडीत तेल भरायची आठवण झाली. टाकी पाऊण भरलेली होती. दिंको खिडकीबाहेर बघत राहिला. कोळ्याला वाट बघायचं शिकवावं लागत नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी एक दीपगृह पाहिलं, बिनकामाचं. अकराच्या सुमारास परत पाटी आली. वायपर फिरले. गाडी सरळ निघाली.

"कामेनाला जायचं असेल तर जा की," दिंको म्हणाला.

"कोण म्हणालं मला कामेनाला जायचंय?"

"तीन दिवसांत त्या फाट्यावर चौथ्यांदा काच पुसलीस तू."

वित्सेने गाडी कडेला घेतली. डाव्या कडेला घेतली, मग मागचा भोंगा ऐकून उजव्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली दूरवर बाहेरची बेटं उन्हात फिकट निळी दिसत होती.

"शिमुनची बहीण आहे का अजून?" त्याने विचारलं.

"युस्तीना? आहे. एकटीच असते. लग्न नाही केलं."

"मला वाटलं, तू बरोबर असलास तर जमेल. म्हणून किनारा बघायचा म्हणालो."

"ते आलं लक्षात. मिठागरात दोन तास बसायला कोणाला आवडतं?"

मग दिंको ते बोलला, जे तो एकोणपन्नास वर्षांत कोणाशी बोलला नव्हता, येल्काशीसुद्धा नाही.

"त्या आठवड्यात वादळ नव्हतं."

वित्सेने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"सहा दिवस समुद्र तेलासारखा सपाट होता. कोठडीच्या खिडकीतून दिसायचा. मला दुसरं काम काय होतं? बघत बसलो होतो."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"अरे, मी कोळी आहे. आणि कामेनात काय शिंपी राहतात? त्यांनाही माहीत होतं. पत्र आलं तेव्हा सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं."

"मग काय म्हणतात लोक?"

"म्हणतात, तू ढकललंस. पिण्याचं पाणी दोघांना पुरेना म्हणून."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काही म्हणत नाही," दिंको म्हणाला. हे खरं नव्हतं. कित्येक पहाटे, जाळं ओढताना, हाताला जड लागलं की त्याच्या मनात तेच येई. "मी आपला होडीचं म्हणतो."

वित्सेने गाडी चालू केली आणि काही न पुसता कामेनाच्या फाट्याला वळवली.

कामेना उतारावर वसलेलं आहे. वरच्या अंगाला रस्ता धड आहे, खाली समुद्राकडे जाल तशी घरं एकमेकांच्या अंगावर येतात. देवळापाशी गाडी लाव आणि चालत जाऊ, असं दिंको म्हणाला. पण वित्सेला भीती होती की गाडीतून उतरलो तर पाय परत फिरतील. ते त्याने नंतर सांगितलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "इथून दोन गाढवं शेजारी शेजारी जायची, मला आठवतंय."

"गाढवं पोट आत घेतात."

गल्लीचा पहिला टप्पा ठीक गेला. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे आरसे आपणहून मिटले. तिसऱ्या टप्प्यात करकर असा आवाज आला आणि गाडी थांबली. वित्सेने पाय दाबला. गाडी वीतभर पुढे सरकली आणि बाटलीत बूच बसावं तशी बसली. त्याने मागचा गिअर टाकला. चाकं फिरली, रबराचा वास आला, गाडी हलली नाही. दिंकोने आपल्या बाजूचं दार उघडून पाहिलं. ते बोटभर उघडलं आणि दगडी भिंतीला टेकलं. वित्सेच्या बाजूला भिंतीत एक उंबरठा होता आणि हिरवं दार होतं, पण गाडीचं दार त्या कोनाड्याच्या अलीकडच्याच दगडाला अडत होतं. खिडकी तेवढी दाराच्या समोर आली होती.

"काच खाली कर," दिंको म्हणाला. "नाहीतर शिजू."

काच खाली गेली तसं हिरवं दार आतल्या बाजूला उघडलं. दारात पासष्टीची बाई उभी होती, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात पालेभाजीची जुडी. तिचं नाक आणि वित्सेचं नाक यांत हातभर अंतर होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"गाडी," वित्से म्हणाला.

"ते दिसतंय मला. माझ्या दारात का आहे?"

दिंकोने पलीकडून मान वाकवली. त्याने तिला वीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं, पण ती युस्तीना होती. हे घर त्याने समुद्रावरून हजारदा पाहिलं होतं. पण तिकडून त्याला अंजिराचं झाड होतं आणि दार नव्हतं.

"युस्तीना," तो म्हणाला, "मी स्मोकोवाचा दिंको. बोनेचा थोरला."

"तुला ओळखलं. हा कोण?"

वित्सेने स्वतःचं नाव सांगितलं.

युस्तीनाने आधी भाजी आतल्या स्टुलावर ठेवली. सुरी ठेवली नाही.

"पन्नास वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडतेय मी," ती म्हणाली. "देवाला म्हटलं, एक दिवस माझ्या दारात आणून उभा कर त्याला. असा उभा करेल असं वाटलं नव्हतं."

"मी सांगायला आलोय."

"सांग. आता तू कुठे जातोस?"

आणि वित्सेने सांगितलं. समोर बघून, काचेला सांगावं तसं.

पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेरची बेटं मागे टाकून तीसेक मैलांवर, होडीच्या पंख्यात जुनं जाळं गुंतलं. इंजिन बंद पडलं. वारा अजिबात नव्हता, शीड लटकत होतं. कोणाला तरी सुरी घेऊन खाली जायला हवं होतं. त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या काढल्या. आखूड काडी वित्सेला आली.

"माझी होती काडी," वित्से म्हणाला. "मी अंगरखा काढला. कडेला बसलो, पाय सोडले. आणि खाली बघितलं. तळ नव्हता. पाणी काळं होतं. माझ्याने जाववेना. मी तसाच बसून राहिलो. शिमुन हसला. म्हणाला, 'दे इकडे सुरी, तू गेलास तर भीतीनेच तिथे बसशील जन्मभर.' आणि गेला."

"मग?"

"दोनदा खाली जाऊन आला. अर्धं जाळं कापलं होतं. तिसऱ्यांदा वर आला, कड धरली, म्हणाला, 'अजून एकदा.' गेला. थोड्या वेळाने जाळं सुटून वर आलं. तो नाही आला."

गल्लीत वरच्या बाजूला कोणीतरी खोकलं. शेजारी जमायला लागले होते.

"तू उडी मारलीस?" युस्तीनाने विचारलं.

"नाही."

"नाही?"

"नाही मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिथे घिरट्या घातल्या. हाका मारल्या. उडी नाही मारली."

"आणि वादळ लिहिलंस."

"काडी माझी होती, हे लिहिता येईना."

युस्तीना आत गेली आणि दार लागलं. जोरात नाही, नेहमीसारखंच.

दोघं भाऊ बसून राहिले. गाडीत वरच्या बाजूला एक धरायची कडी असते. ती आपण केव्हापासून गच्च धरून ठेवली आहे हे दिंकोला आत्ता कळलं. त्याने बोटं एकेक करून सोडवली. पन्नास वर्षांत आपण या माणसाला किती वेळा खुनी ठरवला आणि किती वेळा सोडून दिला, याचा त्याला अंदाज लागेना. भित्रा निघाला. भित्रा भाऊ असायला काही हरकत नव्हती.

"होडीचं काय झालं?" त्याने विचारलं.

"इटलीवाल्यांनी किनाऱ्यावर ओढली. हिवाळ्यात छावणीत सरपण नव्हतं. जाळली."

"आणि इंजिन?"

"ते ठेवून घेतलं त्यांनी."

"घेणारच. चांगलं इंजिन होतं."

देवळाची घंटा झाली. मागच्या बाजूला लोकांत वाद चालला होता. एक म्हणत होता मागून ओढा, दुसरा म्हणत होता पुढून ढकला. एक म्हातारा म्हणत होता की भिंत पाडा, कारण ती त्याची नव्हती. सूर्य गल्लीच्या बरोबर डोक्यावर आला होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. युस्तीनाने खुर्ची आणली होती. ती उंबरठ्यावर ठेवून बसली. डोळे लाल होते, पण आवाज तसाच होता.

"त्या दिवशी सकाळी काय खाल्लं त्याने?"

वित्से गोंधळला. "कोणी? शिमुनने?"

"नाही, पोपने. काय खाल्लं?"

"खारवलेले सार्डिन आणि पाव. पाव ओला झाला होता, म्हणून कुरकुरत होता."

"कुरकुरणारच. पाव ओला झाला की तो घरीही खात नसे. पायात काय होतं?"

"मोजे. करड्या रंगाचे. पाण्यात जाताना काढून घडी करून ठेवले."

"मी विणले होते ते," युस्तीना म्हणाली. "एक मोठा झाला होता, एक लहान. घडी केली म्हणतोस?"

"हो. एकात एक घालून."

तिने खुर्ची जरा पुढे ओढली.

"आईने अकरा वर्षं त्याचं ताट मांडलं," ती म्हणाली. "वादळात गेलेला माणूस कुठेतरी लागतो, कोणीतरी उचलतो, कुठल्या तरी इस्पितळात सगळं विसरून पडतो. बाप म्हणायचा, वादळ नव्हतंच, त्या बोनेच्या पोराने ढकललं. रोज जेवताना हेच भांडण. एक म्हणे जिवंत आहे, एक म्हणे मारला, आणि मध्ये ते रिकामं ताट. धुवायचं मी. तू खरं लिहिलं असतंस ना, तर वर्षात ते ताट फळीवर गेलं असतं."

"चुकलं माझं."

"ते तू ठरवू नकोस. मी बघेन."

ती उठली, आत गेली आणि एका ताटलीत पाला-बटाटा आणि दोन काटे घेऊन आली. खिडकीतून तिने ताटली वित्सेच्या मांडीवर ठेवली.

"गैरसमज नको," ती म्हणाली. "हे शिमुनच्या मित्राला नाही. दारात गाढव अडकलं असतं तरी मी त्याला पाणी दाखवलं असतं."

"खाऊन घे," दिंकोने भावाला सांगितलं. "गाढवाला असं ऐकवून कोणी वाढत नाही."

युस्तीनाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू होतं की नाही ते सांगता येत नाही. दोघांनी एकाच ताटलीतून खाल्लं. मीठ थोडं जास्त झालं होतं, पण त्यावर बोलायची ती वेळ नव्हती. ती मध्येच काहीतरी विचारायची. तो गायचा का होडीत? गायचा, पण सगळी गाणी अर्धीच यायची. कोणाचं नाव घेतलं का? घेतलं, एका मुलीचं. कोणाचं? वित्सेने सांगितलं. "ती?" युस्तीना म्हणाली. "तिने तर त्याच वर्षी टपालवाल्याशी लग्न केलं," आणि मान हलवली, जणू शिमुन हे ऐकायला आत बसला होता.

तीनच्या सुमारास वादाचा निकाल लागला. टायरमधली हवा काढायची, भिंतींना तेल चोळायचं आणि सहा जणांनी पुढून मागे ढकलायचं. ऑलिव्हच्या तेलाचा डबा युस्तीनाने दिला, पण आधी बजावलं, "गेल्या सालचं घ्या. नव्याला हात लावाल तर याद राखा." पहिल्या ढकलीला काही झालं नाही. दुसऱ्या ढकलीला गाडी इतक्या जोरात किंचाळली की तीन कुत्री पळाली. मग ती सुटली आणि वर देवळाच्या चौकापर्यंत ढकलली गेली. दिंको आणि वित्से आत बसूनच गेले, मिरवणुकीतल्या पुतळ्यांसारखे. गाडीच्या दोन्ही अंगांना नाकापासून शेपटापर्यंत सरळ रेषा उमटली होती, पट्टीने आखल्यासारखी. एका पोराच्या सायकलच्या पंपाने टायर फुगवायला तासभर लागला. माणसं आळीपाळीने बसली.

वित्से उतरून सगळ्यांचे आभार मानत होता तेवढ्यात युस्तीना गल्लीतून वर आली. पायांत देवळात जायचे बूट, खांद्याला पिशवी. तिने पुढचं दार उघडलं, दिंकोकडे बघितलं, आणि दिंको न बोलता मागे जाऊन बसला.

"दाखव मला कुठे ते," ती वित्सेला म्हणाली.

"समुद्र आहे तो, युस्तीना. तिथे खूण कसली?"

"हा दाखवेल." तिने अंगठा मागे केला. "हा कोळी आहे ना?"

ते हमरस्त्यावर आले. एका वळणावर कठड्याजवळ गाडी उभी करता येत होती. तिथे तिघं उतरले. ऊन उतरणीला लागलं होतं, बाहेरची बेटं आता गडद दिसत होती आणि वारा नावालाही नव्हता. वित्से कठड्यापासून दोन पावलं मागेच उभा राहिला.

दिंकोने डोळे बारीक केले. वरून त्याला अजूनही सगळं उलटं वाटत होतं. त्याने मनातल्या मनात स्वतःला होडीत बसवलं, धक्क्यावरून सोडलं, बोडका खडक डाव्या हाताला ठेवला, दोन बेटांमधून बाहेर काढलं आणि नैर्ऋत्येला तीस मैल नेलं. मग हात उचलला.

"तिकडे. त्या लांबट बेटाच्या डाव्या टोकावरून सरळ."

"बेटाच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. बरंच."

"म्हणजे इथून दिसत नाही."

"नाही दिसत."

"बरं झालं," युस्तीना म्हणाली. "नाहीतर रोज येऊन बघत बसले असते."

ती तरीही बघत राहिली. दिंकोने किती वेळ ते बघितलं नाही, पण त्याच्या मागे वित्सेला रडू आलं होतं, आणि ते त्याने ऐकलं नाही असं दाखवायला जितका वेळ लागतो तितका वेळ नक्की गेला. मग युस्तीना वळली. वित्सेला पिशवीतून रुमाल काढून दिला. "धुऊन परत आण," म्हणाली. "रविवारी आण. जेवायला नाही, नुसता रुमाल घेऊन ये. मग बघू."

"गाडी उद्या परत करायचीय."

"मग बसने ये. बस गल्लीत घुसत नाही."

वित्सेने मान डोलावली. तिने गाडीचं दार उघडलं आणि आत बसता बसता थांबली.

"गाडी आहेच तर मला तेवढं बाजारात ने," ती म्हणाली. "सोमवारपासून गॅस संपलाय, चुलीवर धूर खातेय. टाकी उचलून कोण आणणार?"

बाजार अकरा किलोमीटरवर होता. गॅसची टाकी मागच्या सीटवर दिंकोच्या शेजारी ठेवली, आणि ती गडगडू नये म्हणून त्याने परतीच्या वाटेवर तिला हाताने धरून ठेवलं. पुढे युस्तीना वित्सेला प्रत्येक वळणावर उजवीकडे राहायला सांगत होती, आणि तो राहत होता.